खिंड आणि भुईकोट : मराठी ऐतिहासिक कादंबरीची आवडती रणक्षेत्रे

१

मराठी ऐतिहासिक कादंबरीविषयीची बहुतेक चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरत आली आहे : कादंबरीकाराने इतिहासाशी इमान राखले की नाही? समर्थक बखरी, शकावल्या आणि पत्रव्यवहार पुढे करतात. विरोधक पल्लेदार संवाद, भावविवशता आणि व्यक्तिपूजा यांवर बोट ठेवतात. या वादात दोन्ही पक्षांनी एक गोष्ट मात्र विनातक्रार मान्य केलेली असते. ती म्हणजे कादंबरीकाराने निवडलेला काळ आणि निवडलेले रणक्षेत्र. शिवकाल, संभाजीराजांचा अंत, थोरल्या बाजीरावांच्या स्वाऱ्या, पानिपत आणि माधवरावांची अल्पायुषी कारकीर्द ही जणू निसर्गाने आखून दिलेली मैदाने आहेत आणि लेखकाने त्यांतल्या एकात उतरावे एवढेच त्याच्या हाती आहे, असा हा समज आहे.

हा समज भाबडा आहे, आणि समीक्षेने तो जपला हे अधिक आक्षेपार्ह आहे. युद्धाचा काळ आणि भूमी यांची निवड हीच ऐतिहासिक कादंबरीची पहिली वाङ्मयीन कृती असते. तपशिलांत चूक होण्यापूर्वी, संवादांत अतिरेक होण्यापूर्वी, इतिहासाचा मोठा भाग या निवडीने गळून गेलेला असतो. जे गळाले त्याचा हिशेब मागितल्याखेरीज जे लिहिले गेले त्याच्या सत्यासत्यतेची चर्चा अपुरीच राहणार.

२

या निवडीची परीक्षा घ्यायची तर १६६० चा पावसाळा पुरेसा आहे. त्या एकाच पावसाळ्यात स्वराज्यावर दोन बाजूंनी संकट आले होते. दक्षिणेत सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला होता. उत्तरेकडून आलेल्या शाइस्ताखानाने पुण्यात तळ देऊन २१ जूनला चाकणच्या किल्ल्याला मोर्चे लावले. जुलैमध्ये शिवाजीमहाराज पन्हाळ्याहून निसटले आणि गजापूरच्या घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे पडले. त्या रात्री चाकणचा किल्लेदार फिरंगोजी नरसाळा लढतच होता, आणि त्यानंतरही महिनाभर लढत राहिला.

चाकणचा संग्रामदुर्ग हा भुईकोट. त्याच्या पाठीशी कडा नाही, खाली दरी नाही. सपाट जमीन, खंदक, तट आणि बुरूज एवढेच त्याचे बळ. ऐन पावसात मोगलांनी चर खणले, मोर्चे पुढे सरकवले, आणि अखेर भुयार नेऊन त्यात दारू ठासली. ऑगस्टच्या मध्याला सुरुंग उडून बुरूज ढासळला. तरीही आतील शिबंदीने खिंडाराच्या तोंडाशी झुंज दिली आणि मगच वाटाघाटी करून किल्ला खाली केला. मोगल बाजूचे २६८ ठार व ६०० जखमी झाल्याचा आकडा जदुनाथ सरकारांनी दिला आहे. शाइस्ताखानाने फिरंगोजीला बादशाही चाकरी देऊ केली. ती त्याने नाकारली. सपाटीवरच्या एका किल्ल्यासाठी प्रचंड मोगली फौजेला जवळजवळ आठ आठवडे खर्ची घालावे लागले, याचा अर्थ सह्याद्रीतल्या किल्ल्यांच्या संदर्भात काय होतो हे सांगण्यासाठी युद्धशास्त्रज्ञाची गरज नाही.

या दोन घटनांचे मराठी वाङ्मयात काय झाले ते सर्वांसमोर आहे. घोडखिंड पावनखिंड झाली. काव्य, पोवाडे, नाटके, कादंबऱ्या आणि २०२२ मधील चित्रपट असा तिचा प्रवास अखंड चालू आहे. फिरंगोजी शिवचरित्रातल्या एका प्रकरणाच्या तुकड्यात उरला. मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या ठळक नामावलीत त्याला नायकाची जागा मिळालेली नाही. पन्हाळ्याचाही वेढा काही महिन्यांचा होता. पण कादंबरीला त्या महिन्यांशी कर्तव्य नसते, ते महिने संपवणाऱ्या एका रात्रीशी असते.

२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्या यादीतील बारा किल्ले डोंगरी, किनारी किंवा पाण्यातले आहेत. त्यांत भुईकोट नाही. त्या निवडीला स्थापत्याचे आणि भूरचनेचे उघड निकष आहेत, त्यामुळे तक्रार तिच्याविषयी नाही. प्रश्न वाङ्मयाच्या यादीचा आहे, कारण तिचे निकष कोणी कधी उघड केलेले नाहीत.

३

याला दोन उत्तरे ठरलेली आहेत. पहिले असे की लोकांना विजय आणि बलिदान हवे असते. चाकण पडले, म्हणून ते विस्मरणात गेले. हे उत्तर पानिपतापाशी टिकत नाही. मराठ्यांचा सर्वांत मोठा पराभव हाच मराठी वाङ्मयाचा एक लाडका विषय आहे. उलट दिशेनेही हीच गोष्ट दिसते. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव मावळ येथे मराठ्यांनी मुंबईकर इंग्रजांच्या फौजेला चहूकडून कोंडले आणि तह करायला लावले. इंग्रज सत्तेला एवढी नामुष्की हिंदुस्थानात क्वचितच पत्करावी लागली. हा निर्विवाद विजय. तरीही कादंबरीच्या आवडत्या रणक्षेत्रांत वडगाव नाही. तेव्हा जय आणि पराजय हा निवडीचा निकष नव्हे.

दुसरे उत्तर साधनांच्या अभावाचे. तेही लंगडे आहे. चाकणच्या वेढ्याची हकीकत मोगल दरबारी इतिहासात आहे. वडगावच्या मोहिमेविषयी मराठी व इंग्रजी कागद विपुल आहेत. घोडखिंडीतल्या त्या काही तासांविषयी याहून अधिक समकालीन पुरावा आहे असे कोणताही अभ्यासक म्हणणार नाही. किंबहुना पुरावा जेथे विरळ तेथे कल्पनेला मोकळे रान मिळते, आणि म्हणूनच ती जागा कादंबरीला सोयीची पडते, हे अधिक खरे.

वडगावचा विजय कसा मिळाला हे पाहिले की खरा निकष हाती लागतो. बोरघाट चढून आलेल्या इंग्रज फौजेला मराठ्यांनी निर्णायक लढाई दिलीच नाही. तिच्या पुढचा मुलूख उजाड केला, दाणावैरण तोडली, तळेगाव जाळले. चिंचवड आणि पुणे जाळण्याचीही तयारी ठेवण्यात आली होती. उपासमारीच्या भीतीने इंग्रजांनी जड तोफा तळ्यात टाकून रात्री माघार घेतली आणि वडगावला ते अडकले. हा विजय पुरवठ्याचा, संयमाचा आणि रयतेच्या जळलेल्या घरांचा आहे. तो कोणा एकाच्या तलवारीच्या नावावर टाकता येत नाही. लोकस्मृतीने या मोहिमेतून उचलला तो कार्ल्याजवळ पडलेला शत्रुपक्षाचा कॅप्टन स्ट्यूअर्ट. त्याचा ‘इष्टूर फाकडा’ केला आणि वडगावला त्याची समाधी मानली. लोकांना नायक हवा होता. स्वपक्षाच्या युद्धपद्धतीत तो सापडेना, तेव्हा त्यांनी तो शत्रूकडून घेतला!

४

म्हणजे प्रश्न रूपबंधाचा आहे. बाख्तिनने दाखवून दिले आहे की प्रत्येक कथनप्रकाराचा स्वतःचा असा स्थलकाल असतो. स्थळ आणि काळ त्यात एकजीव होऊन येतात आणि कोणत्या तऱ्हेचा माणूस त्यात उभा राहू शकेल हेही तेच ठरवतात. मराठी ऐतिहासिक कादंबरीचा स्थलकाल खिंडीचा आहे. जागा अरुंद, वेळ एका रात्रीची, माणूस एक, आणि निर्णय मरणाने होणारा. पानिपतही याच साच्यात बसवले जाते. त्या युद्धाचा निकाल १४ जानेवारी १७६१ च्या आधीच्या कोंडीत, धान्याच्या टंचाईत बराचसा ठरला होता. शेजवलकरांसारख्या इतिहासकाराने मोहिमेचा सबंध पट मांडला. विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’ (१९८८) मध्येही त्या उपासमारीला जागा आहे. तरी वाचकाच्या आणि समीक्षकाच्या मनात उरते ते लढाईच्या दिवशीचे विश्वासराव आणि भाऊ यांचे पडणे. दोन महिने पुन्हा एका दिवसात आक्रसतात.

हे प्रारंभापासून असेच होते असे नाही. मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाणारी रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ (१८७१) एका काल्पनिक किल्ल्याभोवती रचलेली आहे. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्तींपैकी एकीला याच कादंबरीचे नाव दिले आणि तेव्हापासून ‘मोचनगड’ हा शब्द समीक्षेत आरोपासारखा वापरला जातो. परंतु काल्पनिक किल्ला निवडण्यात एक प्रामाणिकपणाही होता : त्याने खऱ्या किल्ल्यांची प्रतवारी लावली नाही. हरिभाऊ आपट्यांनी ‘उषःकाल’मध्ये नानासाहेबासारख्या कल्पित व्यक्तीला मध्यभागी ठेवले आणि शिवाजीमहाराजांना कथेच्या कडेने वावरू दिले. स्कॉटच्या कादंबऱ्यांविषयी लुकाचने हेच तत्त्व सांगितले आहे : मधल्या थरातला साधारण माणूस केंद्रस्थानी असला म्हणजे दोन्ही बाजूंचा समाज कथेत शिरू शकतो, महापुरुष केंद्रस्थानी बसला की समाज त्याचा प्रेक्षक होतो. ‘स्वामी’ (१९६२) आणि ‘श्रीमान योगी’ (१९६८) यांच्या यशानंतर मराठी कादंबरीने हा मधला माणूस मोडीत काढला. कादंबरी चरित्र झाली आणि चरित्राला शोभणारी तेवढीच युद्धे उरली.

ना. सं. इनामदार यांचा अपवाद येथे पुढे केला जाईल, आणि तो केला पाहिजे. ‘झेप’, ‘झुंज’ आणि ‘मंत्रावेगळा’ या कादंबऱ्यांतून त्र्यंबकजी डेंगळे, यशवंतराव होळकर आणि दुसरा बाजीराव यांच्याकडे वळताना त्यांनी उतरत्या पेशवाईचा नावडता काळ हेतुतः निवडला. काळाची चाकोरी त्यांनी मोडली. केंद्राची मात्र मोडली नाही. बदनाम पुरुषाला न्याय मिळवून देणे ही त्यांची प्रेरणा होती, आणि न्यायालयात उभा असतो तो एकच माणूस.

५

हा सारा वाद केवळ वाङ्मयप्रकाराच्या शुद्धाशुद्धतेचा असता तर तो सोडून देता आला असता. तसे नाही. खिंडीच्या स्थलकालात जे बसत नाही ते मराठी माणसाच्या युद्धानुभवातून हद्दपार होते. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत मेसोपोटेमियात कुत येथे ब्रिटिश हिंदी फौज कोंडली गेली. तीत मराठा पलटणी होत्या. दीर्घ उपासमार, घोड्याचे मांस खावे की न खावे याचा धर्मसंकोच, अखेर शरणागती आणि असंख्यांचा अंत करणारा तुर्की बंदिवास. हे सातारा-रत्नागिरीच्या घराघरांत पोचलेले युद्ध होते. यशवंत घाडगे (१९४४) आणि नामदेव जाधव (१९४५) यांना इटलीतल्या लढायांत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या नकाशावर टायग्रिस नाही आणि इटलीही नाही. परक्यासाठी लढलेले युद्ध आपले कसे, असे कोणी विचारील. पण हाच तर कादंबरीचा विषय आहे. तो अवघड आहे म्हणून टाळणे आणि तो अस्तित्वातच नाही असे धरून चालणे यांत फरक आहे.

मराठी गद्याला हे जमणारच नाही असेही म्हणता येत नाही. दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेलेल्या गोडसे भटजींनी १८५७-५८ चा वणवा पाहिला; १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘माझा प्रवास’मध्ये वेढ्यातली झाशी आहे, लूट आहे, भूक आहे आणि जीव मुठीत धरून पळणारा एक सामान्य माणूस आहे. विश्राम बेडेकरांनी ‘रणांगण’ (१९३९) हे नाव ज्या कादंबरीला दिले तीत रणभूमी नाही. युरोपातून निघालेली बोट आहे आणि तीवर निर्वासित ज्यू आहेत. युद्ध म्हणजे माणसांना घडणारी दीर्घ गोष्ट, हे या दोन पुस्तकांना कळले होते. समीक्षेने एकाला आत्मकथनाच्या खणात ठेवले, दुसऱ्याला प्रयोगशील कादंबरीच्या. युद्धवाङ्मय म्हणून दोन्ही एकत्र वाचण्याची गरज तिला फारशी भासली नाही.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात या विस्मरणाचा अर्थ विशेष बोचतो. या पट्ट्याच्या एका टोकाला संग्रामदुर्गाचे अवशेष, दुसऱ्या बाजूला वडगाव, दाराशी खडकीचा १८६९ पासूनचा दारूगोळ्याचा कारखाना, दापोडीला लष्करी अभियंत्यांचे महाविद्यालय, देहूरोडला शस्त्रसामग्रीचे आगार. युद्ध म्हणजे खणणे, ओतणे, वाहून नेणे, साठवणे आणि वाट पाहणे, हे ज्या भूमीवर साडेतीनशे वर्षे लिहिले गेले तेथे पाळ्यांत काम करणाऱ्या कामगाराला भूतकाळ म्हणून दिली जाते ती दूरच्या डोंगरातली एक खिंड. चाकणचे चर खणणारे बेलदार, तट रात्रीतून पुन्हा रचणारे हात, तळेगावचे जळलेले कुणबी ही त्याची खरी पूर्वजमंडळी. त्यांच्या कष्टाला इतिहास नाही असे त्याला प्रत्येक लोकप्रिय कादंबरी न बोलता सांगत असते. बाजीप्रभूंचे शौर्य याने तसूभर कमी होत नाही. त्या शौर्याच्या आड काय काय झाकले गेले एवढेच दिसते.

विद्यापीठीय संशोधनाने तरी निराळी वाट धरायला हवी होती. ‘अमुक कादंबरीतील इतिहास आणि कल्पित’ या ठरावीक चौकटीतला प्रबंध कादंबरीकाराचीच निवड शिरोधार्य मानतो आणि तिच्या आत चुका मोजत बसतो. यापुढे प्रश्न उलटा विचारला गेला पाहिजे : या कादंबरीला आपले युद्ध उभे करण्यासाठी कोणते युद्ध वगळावे लागले? १६६० च्या पावसाळ्यावरची प्रत्येक साहित्यकृती या प्रश्नाने तपासता येईल, आणि तिचे उत्तर दर वेळी चाकणच्याच दिशेने जाईल. तेथे शौर्य कमी पडले नव्हते. ते आठ आठवडे चालले, आणि मराठी कादंबरीला एका रात्रीपलीकडे थांबण्याची सवय नव्हती.