भूतघराची भीती खोटी, पाळण्याचा झटका खरा

दिवाळीच्या आधी आमच्या विहारात महिलांची आरोग्य बैठक झाली. बैठक संपल्यावर एक सूनबाई मागे थांबली. पाचवा महिना लागलेला. नवऱ्याच्या कंपनीची सहल एका मोठ्या ॲम्युझमेंट पार्कला जाणार होती. म्हणाली, "ताई, तिथं हॅलोविनची भुतं लावलीत म्हणे. सासूबाई म्हणतात, जाऊ नको, बाहेरचं लागेल, मूल भित्रं निपजेल. खरंच काही होतं का?"

मी विचारलं, "मोठ्या पाळण्यात बसू नको, असं कोणी सांगितलं का?"

"नाही. फक्त भुताचं सांगितलं."

नेमका इथेच आपला घोळ आहे. ज्याची भीती नको त्याची आपण धरतो, आणि ज्याची धरायला हवी ते कोणी बोलतच नाही.

हॅलोविन हा ३१ ऑक्टोबरचा सण. मूळ आयर्लंड-स्कॉटलंडकडचा. तिथले लोक अमेरिकेत गेले, त्यांच्याबरोबर तोही गेला. भोपळा कोरून आत दिवा लावायचा, मुलांनी भुतांची सोंगं घेऊन घरोघरी खाऊ मागायचा, अशी तिथली गंमत. आता आपल्याकडचे मॉल आणि पार्कवालेही ती सजावट करतात. आत असतं काय? प्लास्टिकचे सांगाडे, लाल दिवे, धूर सोडणारं यंत्र. तोंडाला पांढरा रंग फासून अंगावर धावून येणारा पोरगा रोजंदारीवरचा असतो, कदाचित आपल्याच वस्तीतला.

एकदा दचकल्याने छाती धडधडते, ब्लडप्रेशर थोडा वेळ वाढतं आणि काही मिनिटांत खाली येतं. निरोगी गरोदर बाईच्या बाळाला तेवढ्याने काही होत नाही. आईने काय पाहिलं यावरून बाळाचा चेहरा किंवा स्वभाव ठरत नाही.

तरीही भूतघरात जाऊ नको, असंच मी तिला सांगितलं. कारण वेगळं आहे. आत अंधार, अरुंद वाट, घाबरून पळणारी माणसं. पोट पुढे आलं की बाईचा तोल बदलतो, सांधे थोडे सैल होतात, पाय सहज घसरतो. धोका आहे तो पोटावर पडण्याचा.

मोठे पाळणे, रोलर कोस्टर, एकमेकांना धडकणाऱ्या गाड्या, उंचावरून पाण्यात आपटणारी घसरगुंडी, हे गरोदरपणात पूर्ण बंद. गर्भपिशवी रबरासारखी ताणली जाते, पण तिला चिकटलेली वार तशी ताणली जात नाही. जोराचा हिसका बसला, धावती गाडी एकदम थांबली, तर वार पिशवीपासून सुटू शकते. आतल्या आत रक्तस्राव होतो, कधी बाहेर थेंबही दिसत नाही. प्रत्येकीला असं होईल असं नाही. पण झालं तर सुटलेली वार पुन्हा चिकटवता येत नाही. म्हणून अशा ठिकाणी 'गर्भवती महिलांना मनाई' अशी पाटी असते. ती बहुतेक वेळा इंग्रजीत असते आणि रांगेच्या शेवटी, तिकीट काढून झाल्यावर दिसते. ही पाटी मराठीत, तिकीट खिडकीवरच हवी. कंपनीची सहल असेल तर तसं आधीच विचारा.

आणखी एक गोष्ट. तीन महिने कोणाला सांगायचं नाही, नजर लागते, ही समजूत आपल्या घरांतूनही गेलेली नाही. मग नवी सून सहलीत सगळ्यांबरोबर पाळण्यात बसते, कारण 'मी नाही बसत' म्हटलं तर कारण सांगावं लागेल. वर, तिकिटाचे पैसे वाया जातील हा विचार असतोच. नजरेच्या भीतीने बाईला गप्प बसवायचं आणि खऱ्या धोक्यात पाठवायचं, यात कुठलं शहाणपण?

मी नर्स असताना लेबर रूममध्ये एक पोरगी आली होती. आठवा महिना. जत्रेत भूतघर पाहून आली आणि दुसऱ्या दिवसापासून डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज. घरच्यांनी ठरवलं, बाधा झाली. दोन दिवस अंगारा, उतारा चालला. झटके आल्यावर आमच्याकडे आणली. ब्लडप्रेशर १८० च्या वर. भुताचा काही संबंध नव्हता. गरोदरपणातलं वाढलेलं ब्लडप्रेशर होतं. मॅग्नेशियम सल्फेटच्या इंजेक्शनने झटके थांबले, आई वाचली. बाळ गेलं. ते दोन दिवस आधी हाती असते तर, हा विचार अजून माझी पाठ सोडत नाही.

आपण १४ ऑक्टोबर १९५६ ची आठवण दरवर्षी काढतो. बाबासाहेबांनी दिलेला धम्म कार्यकारणभाव शिकवतो. कारणाशिवाय काही घडत नाही. मग डोकं दुखण्याचं कारण देवऋषीकडे कशाला शोधायचं? १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना, आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळण्यात राष्ट्राचं हित आहे, असं बाबासाहेबांनी मांडलं होतं. त्यांच्या लेकींनी अंगाऱ्यापायी जीव गमवायचा नाही.

म्हणून लक्षात ठेवा. सहलीला जायला हरकत नाही, पण आधी रक्त गेलं असेल, वार खाली असेल, जुळी असतील किंवा ब्लडप्रेशर वाढलेलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नका. पाणी आणि डबा बरोबर घ्या, लघवी रोखू नका, उन्हात रांगेत उभ्या राहू नका, माता-बाल कार्ड पिशवीत ठेवा. हेच नियम दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीच्या गर्दीलाही लागू आहेत.

पडलात, पोटाला मार लागला, तर बरं वाटत असलं तरी दवाखाना गाठा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर ते आधी सांगा. त्यांना ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन लागू शकतं. रक्त किंवा पाणी जाणं, पोट दगडासारखं कडक होणं, बाळाचं फिरणं कमी होणं, डोकं ठणकणं, अंधारी, झटके, यातलं एकही दिसलं तर १०८ ला फोन करा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. ब्लडप्रेशर १४० वर ९० किंवा जास्त आलं तर ती दुर्लक्ष करण्याची गोष्ट नाही.

ती सूनबाई सहलीला गेली. झाडाखाली बसून सगळ्यांच्या पिशव्या सांभाळल्या, भाकरी खाल्ली, मजेत परत आली. आणि पुढच्या ९ तारखेला तिला तपासणीला घेऊन आल्या त्या तिच्या सासूबाई. मला म्हणाल्या, "भुताचं राहू दे, प्रेशर बघ."

जय भीम.