खाणीच्या नोंदवहीत मोजमाप हवे

भूमिगत कोळसा खाणीतले विजेचे यंत्र बिघडले की बंद पडते, असा बाहेरच्यांचा समज असतो. खरा धोका बिघडूनही चालत राहणाऱ्या यंत्राचा आहे. खाणीत वापरली जाणारी ‘फ्लेमप्रूफ’ पेटी हवाबंद नसते. आत मिथेन शिरेल आणि ठिणगीने पेटेलही, हे धरूनच ती घडवलेली असते. आतल्या स्फोटाचे तप्त वायू झाकणाच्या कडांमधल्या अरुंद फटीतून बाहेर येताना इतके निवतात की बाहेरचा वायू पेटत नाही, एवढीच तिची करामत. एक बोल्ट कमी असला, कडेवर चरा पडला किंवा फट थोडी रुंदावली की हे संरक्षण संपते. पण मोटार पूर्वीसारखीच फिरते, कोळसा पूर्वीसारखाच भरला जातो. लोडर यंत्रामागे दिवसभर ओढल्या जाणाऱ्या ट्रेलिंग केबलचेही तसेच. तिचे इन्सुलेशन एका दिवसात जात नाही, पाळीगणिक झिजत जाते. हवेत मिथेन ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर त्याचा स्फोट होऊ शकतो. म्हणूनच आपल्या नियमांनुसार हे प्रमाण १.२५ टक्क्यांवर गेले की तिथला वीजपुरवठा तोडावा लागतो. हा पुरवठा तोडणारी साखळी शाबूत आहे की नाही हे यंत्राच्या चालण्यावरून कळत नाही. ते फक्त तपासणीतून आणि तिच्या नोंदीतून कळते.

म्हणून नागपूर-छिंदवाडा पट्ट्यातल्या भूमिगत खाणींपासून झारखंडपर्यंत नोंदवहीकडे सुरक्षेचे साधन म्हणूनच पाहिले पाहिजे. ज्या वहीत ‘तपासले, ठीक’ एवढ्यावर भागते, ती वही हे काम करू शकत नाही. समजा, एका केबलचे मेगरवरचे, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणावरचे, वाचन एका महिन्यात ४० मेगओहम, पुढच्या महिन्यात १५ आणि त्यापुढच्या महिन्यात ४ आले. तिन्ही वेळा ‘ठीक’ लिहिले तर वही वाचणाऱ्याला काहीच दिसणार नाही. आकडे लिहिले तर ती केबल लवकरच दगा देणार हे कोणत्याही जाणत्या माणसाला कळेल, आणि तेही ठिणगी पडण्याआधी. पेटीची फट किती मिलिमीटर, जमिनीत वीज गळताच पुरवठा तोडणारा अर्थ लीकेज रिले चाचणीत किती प्रवाहावर सुटला, मिथेन मॉनिटरने ज्ञात प्रमाणाच्या वायूवर किती टक्के दाखवले, हे सारे मोजता येते. मोजता येते ते मोजूनच लिहिले पाहिजे. आकड्याचा आणखी एक गुण आहे. न मोजता लिहिलेले आकडे सहसा एकसारखे किंवा ओळीने येतात आणि अनुभवी निरीक्षकाला खटकतात. न तपासता लिहिलेले ‘ठीक’ मात्र खऱ्या ‘ठीक’पासून ओळखता येत नाही.

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियामधील अप्पर बिग ब्रँच खाणीत ५ एप्रिल २०१० रोजी स्फोट होऊन २९ कामगार मेले. त्या स्फोटाचे मूळ विजेच्या उपकरणात नव्हते, तर कोळसा कापणाऱ्या यंत्राच्या घर्षणात होते, हे आधीच सांगायला हवे. पण सरकारी चौकशीत नोंदींबद्दल जे बाहेर आले, ते प्रत्येक खाणीला लागू आहे. मॅसी एनर्जी या कंपनीच्या त्या खाणीत दोन प्रकारच्या नोंदी होत्या. उत्पादन आणि देखभालीच्या अंतर्गत अहवालांत धोके नमूद होते. निरीक्षक पाहत त्या अधिकृत वहीत त्यांतले कित्येक नव्हते. दुर्घटनेपूर्वी काही आठवडे एका कोळसा काढणाऱ्या यंत्रावरच्या मिथेन मॉनिटरची जोडणी बदलून तो निकामी करायला लावल्याचे आणि नोंदी खोट्या केल्याचे खाणीच्या अधीक्षकाने २०१२ मध्ये न्यायालयात कबूल केले. म्हणजे धोका माहीत होता, लिहिलाही गेला होता. तो थांबवण्याचा अधिकार असलेल्यांपर्यंत पोहोचू दिला गेला नाही. जुने उदाहरण वेल्समधल्या सेंघेनिडचे. तिथे १४ ऑक्टोबर १९१३ रोजी ४३९ खाण कामगार आणि त्यांच्या सुटकेसाठी गेलेला एक जण मेला. इशाऱ्यासाठी वापरल्या जाणाऱ्या विजेच्या घंटीच्या ठिणगीवर तेव्हा संशय होता. पुढे व्यवस्थापकाला एकूण २४ पौंडांचा दंड झाला. त्याच्यावर शाबीत झालेल्या आरोपांत नोंदी नीट न ठेवण्याचाही समावेश होता.

यावर पहिला आक्षेप येतो तो मनुष्यबळाचा: इलेक्ट्रिशियन मोजके, कागद भरत बसले तर दुरुस्ती कोण करणार? पण मोजणी नियमानुसार करायचीच आहे. आकडा लिहायला काही सेकंद लागतात. त्यालाही वेळ नसेल तर मोजणीच होत नाही, आणि मग उणीव माणसांची आहे, ती भरती करून भरून काढावी. सेन्सर आणि संगणक आले की वही हवी कशाला, हा दुसरा आक्षेप. सेन्सरलाही अचूकतेची तपासणी लागते, आणि तो निकामी कसा करता येतो हे वर आलेच आहे. संगणकीय नोंद जरूर असावी, मात्र तीत केलेली प्रत्येक दुरुस्ती आणि ती करणाऱ्याचे नाव कायम दिसले पाहिजे.

तिसरा आक्षेप उघड बोलला जात नाही, पण तोच सर्वांत वजनदार आहे. दोष लिहिला की पाळीचे उत्पादन थांबते आणि लिहिणाऱ्याकडे बोट दाखवले जाते. पुढे अपघात झाला तर तीच नोंद त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे येते. ही भीती खरी आहे, उपदेशाने ती जाणार नाही. ती घालवायची तर दोषाची नोंद होताच यंत्र बंद ठेवण्याची आणि ते पुन्हा सुरू करण्याची लेखी जबाबदारी व्यवस्थापकाच्या सहीवर आली पाहिजे. दोष लिहिणाऱ्याची त्या नोंदीमुळे बदली वा त्याला शिक्षा होणार नाही, याची हमीही हवी. आपल्याकडे यासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. १९५५ च्या खाण नियमांनी ५०० किंवा अधिक कामगारांच्या खाणीत कामगार संघटनांशी सल्लामसलत करून कामगार निरीक्षक नेमण्याची सोय केली, आणि त्यात विजेच्या उपकरणांसाठी वेगळा निरीक्षक ठेवला. पाळी सुरू होण्याआधी ही वही त्याच्या हातात पडली, तर उत्पादनाच्या हिशेबाशी न बांधलेले डोळे ती वाचतील.

धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाने विद्युत तपासणीच्या नमुन्यातून शेरा काढून टाकून मोजमापाचे रकाने सक्तीचे करावेत, आणि आकड्याविना केलेली नोंद ही तपासणी न केल्यासमान धरावी. खाण कंपन्यांनी त्या आदेशाची वाट न पाहता पुढच्या पाळीपासून हे सुरू करावे.