उपशाचा जमाखर्च

तंजावरची नगरपालिका १८६६ साली स्थापन झाली, २०१४ मध्ये तिची महानगरपालिका झाली, आणि २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेत शहराची निवड झाल्यावर तेथे जी कामे निघाली, त्यांतील अय्यनकुळम् तळ्याच्या जीर्णोद्धाराकडे पाणीपुरवठा खात्यातील आमच्या व्यवसायबंधूंनी अवश्य लक्ष द्यावे. बृहदीश्वराच्या देवालयालगतच्या शिवगंगा तलावाचे पाणी केवळ जमिनीच्या उताराच्या बळावर या तळ्यापर्यंत आणणारी जुनी भुयारी जलवाहिनी या निमित्ताने पुन्हा उजेडात आली.

कर्ब-उत्सर्जन घटविण्याचा विषय निघाला की सौरपट्ट आणि विजेच्या गाड्या यांचीच चर्चा होते. परंतु पालिकेच्या स्वतःच्या वीजबिलात पाण्याचा उपसा केवढी जागा अडवून बसला आहे, हे जलअभियंत्यांखेरीज सहसा कोणी पाहत नाही. एक हजार घनमीटर पाणी दहा मीटर वर चढविण्यास शास्त्राप्रमाणे सुमारे २७ युनिट वीज पुरते. पंप आणि मोटार मिळून कार्यक्षमता साठ टक्के धरली तर तीच ४५ युनिट होते, आणि आपल्याकडील वीज मुख्यतः कोळशाची असल्याने, युनिटमागे सुमारे ०.७ किलो या हिशेबाने, बत्तीस किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. नळांतील घर्षण यात धरलेलेच नाही. असे पाणी वाटेत एक तृतीयांश गळत असेल, तर त्यामागचा कोळसाही तेवढ्या प्रमाणात व्यर्थ जळाला, असेच म्हटले पाहिजे; म्हणून गळती बुजविणारा कर्मचारी हा आमच्या मते हवामान-कार्याचा अग्रणी होय.

जुन्या जलवाहिनीवर आजच्या तंजावरची तहान भागणार नाही, हे उघड आहे. मात्र तळी भरली की भोवतालच्या विहिरी व कूपनलिका यांची पातळी वर येते आणि उपशाची उंची कमी होते; हा लाभ मीटरवर मोजता येतो.

ओल्या कचऱ्याचीही हीच गत. शहरातील जेबमालैपुरम् येथील कचराडेपोसारख्या ठिकाणी ढिगाच्या पोटात प्राणवायूवाचून कुजणारा ओला कचरा मिथेन सोडतो, आणि शंभर वर्षांच्या मापाने त्याची उष्णता धरून ठेवण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीस पट भरते. कावेरीच्या खोऱ्यातील पाण्याने भरलेली भातखाचरेही मिथेन सोडतात, पण ती पालिकेच्या अखत्यारीबाहेरची बाब झाली. प्रभागातच खत करून कचरा ढिगापर्यंत जाऊ न देणे हे मात्र पूर्णपणे तिच्या हाती आहे.

तंजावरच्या भोसल्यांनी १६७६ पासून १८५५ पर्यंत राज्य केले आणि मोडीतले केवढे तरी दप्तर मागे ठेवले. राज्य गेले, तरी त्या नोंदींवरून तेथील कारभार आजही वाचता येतो. महाराष्ट्रात २०२० पासून ‘माझी वसुंधरा’ अभियान चालू आहे आणि नगरपालिका त्यात उत्साहाने उतरतात, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु किती टक्के कपात करणार याची घोषणा करण्यापूर्वी आज किती खर्च होतो, हे दप्तरी असले पाहिजे. आमची सर्व जलअभियंत्यांस आग्रहाची विनंती आहे की, येत्या १ एप्रिलपासून प्रत्येक पंपगृहात उचललेले घनमीटर, चढविलेली उंची आणि जळालेली युनिटे यांची रोजची नोंद ठेवावी, आणि वर्षअखेरीचा ताळेबंद या मासिकाकडे प्रसिद्धीसाठी पाठवावा.