जेवलेल्या सापाला हात लावू नये

माझी लेक इंग्लंडात स्लाव गावी राहते. तिच्या फ्रीजरच्या तळच्या कप्प्यात एका झाकणाच्या डब्यात गोठवलेले उंदीर असतात. मी पहिल्यांदा तो डबा उघडला, तेव्हा तसाच लावून टाकला आणि त्या दिवशी फ्रीजरमधल्या मटारांनाही हात लावला नाही. ते उंदीर म्हणजे नातवाच्या सापाचे जेवण.

साप बिनविषारी. 'कॉर्न स्नेक' म्हणतात त्याला, मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. केशरी अंग आणि त्यावर तांबडे ठिपके, म्हणून लेकीने नाव ठेवले केशर. तिकडे असे साप रीतसर दुकानात मिळतात. आपल्याकडे नाग, धामण, अजगर घरात ठेवणे हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे आणि तो तसाच राहावा, हे आधीच सांगून टाकते.

मी गेले त्याच आठवड्यात केशर नातवाला चावली. नुसती चावली नाही, अंगठा धरून ठेवला आणि मनगटाला वेढे घातले. सुटल्यावर पाहिले तर सुया टोचल्यासारखे चार-सहा ठिपके. साबणाने धुतले, झाले. पण घरात गहजब! जावई म्हणाले, "आई, तुम्हीच सांगा, हे जनावर उद्या डोळ्यावर धावले तर? डूख धरलाय त्याने. देऊन टाकू कुणाला तरी." नातू कोपऱ्यात रडत होता. मी मनातून जावयांच्या बाजूची होते.

मग रडे आवरल्यावर पोराने जे सांगितले, त्याने माझे मत फिरले. उंदीर गरम पाण्यात ठेवून त्याने वितळवला, शेपटीला धरून पुसला आणि केशर लपली आहे का, हे बघायला तोच हात आत घातला. सापाची नजर बेताची. तो जीभ बाहेर काढून हवेतला वास टाळूच्या इंद्रियापर्यंत नेतो आणि त्यावरून जग ओळखतो. समोर आले ते काहीतरी ऊबदार, हलणारे आणि उंदराचा वास येणारे. तिने त्याला उंदीर म्हटले. यात राग कुठे आला? चुकून उंदीर ठरलेल्या अंगठ्याने डूख धरल्याची तक्रार करावी, ही गंमतच! घाबरलेला साप चटकन दंश करून मागे सरतो. भुकेने धरणारा सोडत नाही, वेढे घालतो. पाळणाऱ्याला एवढा फरक कळला तरी निम्मी भीती जाते.

त्या दिवसापासून घरात नियम झाले. उंदीर लांब चिमट्याने द्यायचा. हात साबणाने धुतल्याखेरीज केशरला उचलायचे नाही. उचलण्याआधी कागदाच्या गुंडाळीने अंगाला हलकेच स्पर्श करायचा, म्हणजे तिला कळते की हे जेवण नव्हे. उंदीर तिच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढाच. पिल्लू असताना आठवड्याला एक, मोठेपणी दहा-पंधरा दिवसांनी. काही लोक सापाला जेवणापुरते वेगळ्या डब्यात ठेवतात, म्हणजे पेटीत आलेला प्रत्येक हात त्याला घास वाटत नाही. मला ते पटत नाही. जेवल्यावर त्याला पुन्हा उचलून पेटीत आणायचे, म्हणजे नको तेव्हाच हात लावणे आले.

आणि नको तेव्हा हात लावणारी कोण निघाली? मीच! लेकीकडे मराठी मंडळी जेवायला आली होती. पाहुण्यांना साप दाखवायची हौस मला. नातू शाळेत. आदल्याच दिवशी केशर जेवली होती, हे मला ठाऊक होते. पण दोन दिवस शिवायचे नाही, हा नियम मला पोरखेळ वाटला होता. हातात घेतली, दोघा-तिघांच्या हाती दिली. संध्याकाळी तिने अर्धवट पचलेला उंदीर उलटून टाकला. सापाचे पचन बाहेरच्या उबेवर चालते. पेटीची एक बाजू अठ्ठावीस-तीस अंशांवर ठेवलेली असते ती त्यासाठी. तिथून काढून हाताळले की आतले काम मोडते आणि वर आलेले आम्ल त्याचाच घसा पोळते. पुढचे दहा-बारा दिवस तिला उपास घडला. नातू मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

आपल्या माणसांची माया ताटातून वाहते. "अजून एक घे" म्हटल्याशिवाय आपल्याला प्रेम केल्यासारखे वाटत नाही. सापाला हे काहीच पोचत नाही. तो आपल्या हातात शांत बसतो, तो लळ्याने नव्हे. पोट ना रिकामे ना नुकते भरलेले, अंगाला ऊब, आणि हाताची सवय. कात टाकायच्या आधी त्याचे डोळे निळसर, धुरकट होतात. तेव्हा तो बऱ्याचदा जेवण नाकारतो आणि लवकर बिचकतो. 'रुसला' म्हणून तेव्हा त्याला गोंजारू नये.

तिथे बसल्या बसल्या मला लहानपणची नागपंचमी आठवली. दिंडे उकडून झाली की दारात गारुडी यायचा. आई वाटीत दूध द्यायची आणि टोपलीतला नाग ते प्यायचा. आमच्या हातचे दूध देवाने घेतले, म्हणून आई दिवसभर प्रसन्न असायची. सापाचे अन्न दूध नव्हेच, ते त्याला पचत नाही. सर्पतज्ज्ञ सांगतात, त्या नागांना आधी बरेच दिवस तहानलेले ठेवत, दात उपटत. तहानेला जीव पुढ्यात येईल ते पितो. निपचित बसायचा, म्हणून आम्ही त्याला शांत, सात्त्विक समजायचो. आईला हे सांगायला ती आता नाही. असती तरी सांगितले असते का, कोण जाणे. पण आज कुणाच्या दारात टोपली आली, तर वाटीत दूध घालू नये. वनखात्याला कळवावे.

केशर त्या घरात राहिली. जावईबापू अजून तिला हात लावत नाहीत, पण उंदरांचा डबा संपत आला की आठवणीने आणतात. दर रविवारी नातू मला फोनच्या पडद्यावर तिला दाखवतो. गेल्या रविवारी मी विचारले, "केशर कुठेय रे?"

"आजी, काल जेवलीय ती," तो म्हणाला. "मंगळवारी फोन कर."