माळ्यावर सापडलेले जवान

बहुतेक घरांत एखाद्या जुन्या ट्रंकेच्या तळाशी पिवळे पडलेले फोटो असतात. फेटेवाले आजोबा ओळखू येतात, पण शेजारी उभा असलेला तरुण कोण? ते सांगणारी आजी आता नसते.

फ्रान्समधल्या विन्याकूर गावात हाच प्रश्न हजारो चेहऱ्यांच्या बाबतीत उभा राहिला. पहिल्या महायुद्धात खंदकांतले जवान चार दिवस विसावा घ्यायला या गावी येत. तिथे लुई त्यूलिये आणि त्याची पत्नी आंत्वानेत यांनी आपल्या घरीच फोटो काढण्याचा जोडधंदा सुरू केला. मागे रंगवलेला पडदा लावायचा, पुढे जवानाला उभे करायचे. कार्डावर छापलेला तो फोटो जवान आईला किंवा पत्नीला पाठवून देई. युद्ध १९१८ साली थांबले आणि फोटोंच्या काचा पेट्यांत भरून माळ्यावर गेल्या.

२०११ मध्ये ऑस्ट्रेलियातून आलेल्या पत्रकारांना त्या माळ्यावर सुमारे ४,००० काचा सापडल्या. तो पडदाही तिथेच होता. चेहरे अगदी स्पष्ट होते, पण बहुतेकांची नावे कुठेच नव्हती.

मग शोध सुरू झाला. ऑस्ट्रेलियन जवानांच्या बाहीवर रंगीत कापडाची खूण असे. तिच्यावरून तुकडी कळू लागली. फोटो इंटरनेटवर आणि टीव्हीवर दाखवले गेले, तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या घराघरांत जुने अल्बम उघडले गेले. काहींच्या हाती पणजोबांचे कार्ड लागले. त्यात मागे तोच पडदा! पश्चिम आघाडीवर ऑस्ट्रेलियाचे सुमारे ४६,००० जवान कामी आले होते. त्यामुळे काही कुटुंबांसाठी विन्याकूरचा फोटो हा आपल्या माणसाचा अखेरचा फोटो ठरला.

उद्योगपती केरी स्टोक्स यांनी या काचा विकत घेतल्या आणि त्यांतल्या ८०० हून अधिक कॅनबेराच्या युद्धस्मारकाला दिल्या. २०१२ मध्ये तिथे त्यांचे प्रदर्शन भरले. तरीही कित्येक जवान अजून बिननावाचेच आहेत. त्यांना ओळखणारी पिढी केव्हाच निघून गेली आहे.

आपल्या घरातली ती पिढी अजून असेल, तर या रविवारी ट्रंक उघडा. आजी-आजोबांना, आत्याला जवळ बसवून एकेक फोटो दाखवा. फोटोच्या मागे, कडेला, मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने नाव, नाते, गाव आणि साल लिहा. बॉलपेन वापरू नका. त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.