श्रम अनेकांचे, सही एकाची

मुक्त सॉफ्टवेअर ही सामूहिक श्रमाची निर्मिती आहे. कोणी पगारी, कोणी विनावेतन, असे शेकडो प्रोग्रॅमर एकमेकांना न पाहताही ती घडवितात. परंतु अनेक प्रकल्पांत योगदान स्वीकारण्यापूर्वी एका करारावर सही मागितली जाते: लिहिलेल्या भागाचा कॉपीराइट चालकाच्या नावे करून द्यावा, किंवा परवाना बदलण्याची मुभा त्याला द्यावी. ही निव्वळ औपचारिकता असल्याचे सांगण्यात येते. वस्तुतः प्रश्न मालकीचा आहे.

या प्रथेची एक बाजू मान्य केली पाहिजे. १९८५ साली स्थापन झालेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने जीएनयू प्रकल्पातील अनेक आज्ञावलींसाठी हीच पद्धत अवलंबिली. हक्क एका हाती असले की परवाना मोडणाऱ्याविरुद्ध दाद मागणे सुकर होते, ही तिची भूमिका. मात्र ते काम मुक्तच राहील, असे लेखी वचन ही संस्था उलट देते. ते वचनच या कराराचा प्राण आहे.

नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला असे बंधन नसेल तर काय होते, हे ऑगस्ट २०२३ मध्ये दिसले. हॅशिकॉर्प कंपनीने 'टेराफॉर्म'च्या पुढील आवृत्त्यांना स्पर्धकांवर निर्बंध घालणारा परवाना लावला. बाहेरच्या योगदानकर्त्यांनी करारावर आधीच सह्या केल्या होत्या. त्यांची संमती नव्याने घेण्याचे कारणच उरले नव्हते. जुनी आवृत्ती मुक्त होती, म्हणून तिच्यावरून 'ओपनटोफू' उभे राहू शकले, हे खरे. पण नाव आणि बाजारपेठ कंपनीकडेच राहिली. नव्याने घर मांडण्याचे कष्ट इतरांच्या वाट्याला आले.

मालकी एकवटल्याखेरीज मोठे काम उभे राहत नाही, हा दावाही टिकत नाही. लिनक्स कर्नेलचा कॉपीराइट हजारो लेखकांत विभागलेला आहे. तेथे २००४ पासून योगदानकर्ता एवढीच ग्वाही देतो की हे काम देण्याचा अधिकार आपल्याला आहे. हक्क त्याचेच राहतात. म्हणूनच कोणा एकाला सर्वांच्या वतीने परवाना फिरविता येत नाही. जीएनयूच्या जीसीसी प्रकल्पानेही २०२१ साली हक्क सोपविण्याची सक्ती उठविली.

तेव्हा सही करण्यापूर्वी प्रत्येकाने एकच विचारावे: आपण हक्क देत आहोत, त्याच्या बदल्यात घेणारा कशाने बांधला जात आहे? ज्या कराराला याचे उत्तर नाही, त्याला सहकार म्हणता येत नाही. ती सभ्य भाषेतील वेठ आहे.