चौदा दिवस कुणी ठरवले?

मागच्या महिन्यात बचत गटाची बैठक संपली. हप्ते जमा झाले, सह्या झाल्या, आणि चहा यायच्या आत एकीनं पिशवीतून एक पिवळं चकचकीत पत्रक काढलं. वर पशुपतिनाथाचा फोटो, खाली भूतानच्या कुठल्याशा मठाचा. ‘काशी, अयोध्या, नेपाळ, भूतान! अकरा ठिकाणं, १४ दिवस. आपल्या दारातून बस, सोबत आचारी, रोज घरगुती जेवण.’

बाया हरखून गेल्या. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा! आयुष्यात कधी विमानात न बसलेल्या आम्ही राहुरीच्या बाया, आणि दोन देश बघून येणार! तिथल्या तिथे सतरा जणींनी नावं सांगितली. दोघी तर इसार द्यायला निघाल्या. मी म्हटलं, “थांबा गं, एक दिवस द्या मला. कागद नीट बघू द्या.”

रात्री भांडी आवरल्यावर मुलाचा जुना नकाशासंग्रह काढला, शेजारी मोबाइल घेतला आणि एकेका गावामधलं अंतर वहीत मांडत गेले. राहुरी ते काशी साधारण साडेतेराशे किलोमीटर. तिथून अयोध्या, गोरखपूर, सुनौलीची सरहद्द. मग लुंबिनी, पोखरा, मुक्तिनाथ, काठमांडू, जनकपूर, पुढे काकरभिट्टामार्गे सिलिगुडी, फुन्त्शोलिंग, थिंफू. आणि थिंफूहून परत राहुरी! बेरीज सहा हजारांच्या घरात गेली. त्यातले बाराशेच्या आसपास निव्वळ घाटाचे.

आता किलोमीटर आणि तास यांतला फरक नगर-मनमाड रस्त्यावरून जाणाऱ्या बाईला शिकवायला नको. कागदावर राहुरी-नगर पाऊण तास, आणि प्रत्यक्षात? ज्या दिवशी जशी आपली नशीबं! म्हणून मी सपाटीला तासाला ४५ किलोमीटर धरले आणि घाटाला २२. उत्तर आलं १६० तास. १४ दिवसांनी भागलं तर रोज ११ तासांहून जास्त बसमध्ये. दर्शनाची रांग, आंघोळ, स्वयंपाक, सरहद्दीवरची कागदपत्रं, झोप, सगळं उरलेल्या वेळात. शिवाय एकही दिवस विसाव्याचा नाही.

२०२५ पर्यंत लागू असलेला मोटार वाहतूक कामगारांचा १९६१ चा कायदा सांगायचा की ड्रायव्हरनं दिवसाला आठ तास काम करायचं आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती घ्यायची. पत्रकावर आचाऱ्याचं कौतुक चार ओळी होतं. ड्रायव्हर किती, हे कुठेच नव्हतं.

मला हे सुचलं ते काही हुशारीनं नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका बसनं आम्ही काशीला गेलो होतो. ‘दिवसाचा वेळ वाया जाऊ नये’ म्हणून बस रात्रभर चालायची. गाडी थांबेल की नाही आणि थांबलीच तर आडोसा असेल की नाही, या भीतीनं बायका पाणीच प्यायच्या नाहीत. कोरड्या घशानं अभंग म्हणायचो आम्ही! आमच्यातली एक घरी आली ती मूत्रमार्गाचा संसर्ग घेऊन, आठ दिवस सलाईनवर. तिनं काशी पाहिली का? विचारलं तर म्हणते, “पाहिली की, खिडकीतून.” लघवीला कुठे थांबणार, हा प्रश्न पुरुषांना हसण्यावारी न्यावासा वाटतो. माझ्या मते सहलीच्या कागदावर तो देवळांच्या आधी यायला हवा.

आणि रात्रीचा प्रवास. १ जुलै २०२३ ला मध्यरात्र उलटल्यावर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटली, २५ माणसं गेली. रस्ता कितीही नवा असला तरी रात्र ती रात्रच. नेपाळचा रस्ता तर नवाही नाही. १२ जुलै २०२४ च्या पहाटे नारायणगढ-मुगलिंग रस्त्यावर दरड कोसळली आणि दोन बसगाड्या त्रिशूली नदीत वाहून गेल्या. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, २३ ऑगस्टला, पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली बस मर्स्यांगदी नदीत कोसळली. त्यात आपल्या जळगाव जिल्ह्यातले, वरणगाव भागातले यात्रेकरू होते. २७ जणांचा जीव गेला, आणि तो अपघात तर दिवसाढवळ्या झाला. गावच्या गाव रडलं होतं तेव्हा. मी कुणावर दोष ठेवायला हे लिहीत नाही. पण पोखरा ते काठमांडू २०० किलोमीटर म्हणजे ‘चार तासांत पोहोचू’ असं जो म्हणतो, त्याच्या बसमध्ये मी माझ्या जावेला बसवणार नाही. आठ तास धरायचे, उजाडल्यावर निघायचं आणि मावळायच्या आत मुक्कामाला लागायचं.

मुक्काम हा शब्द आपला. पत्रकात तो नव्हताच, होती फक्त ‘ठिकाणं’. वारीचं बघा. आळंदी ते पंढरपूर काही फार लांब नाही, गाडीनं एका दिवसात जाऊन याल. पण माउलींच्या पालखीचा कागद मुक्काम आणि विसाव्यांवर बेतलेला असतो. पुण्यात दोन रात्री. मग दिवेघाट चढून सासवड, तिथे पुन्हा दोन रात्री. सगळ्यांत थकवणारी चाल झाली की पाय मोकळे करायला एक दिवस ठेवलेलाच आहे. ज्यानं हे ठरवलं त्याला माणसाचे गुडघे ठाऊक होते! आणि आपल्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीची लेक, अहिल्याबाई? काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांनी देवळं बांधली हे सगळे सांगतात, पण त्याबरोबर घाट, विहिरी आणि धर्मशाळाही बांधल्या. यात्रेकरू रात्री टेकणार कुठे आणि पाणी पिणार कुठलं, हे त्यांना आधी सुचलं.

दुसऱ्या दिवशी मी त्या टूरवाल्याला फोन केला. म्हटलं, “दादा, हे २२ दिवसांचं काम आहे, तुम्ही १४ दिवसांत कसं बसवलं?” मला वाटलं, चिडेल. चिडला नाही बिचारा. म्हणाला, “ताई, मलाही कळतं. पण पंधरवड्याच्या वर टाकलं की बुकिंगच येत नाही. बायकांना घरून तेवढेच दिवस सोडतात.”

मी फोन ठेवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. १४ हा आकडा रस्त्यावरून आलेलाच नव्हता. तो आमच्या स्वयंपाकघरातून आला होता. आधी नवऱ्याच्या डब्याचं, सासूच्या औषधाचं, नातवाच्या परीक्षेचं, गाईच्या धारांचं गणित, त्यातून उरले ते दिवस. मग त्या दिवसांत सगळं जग कोंबायचं आणि ज्यात बसत नाही ते रात्री बस पळवून बसवायचं. टूरवाला फक्त आपण मागतो ते विकतो.

पुढच्या बैठकीत मी वही उघडली. आमच्यातली एक तरुण पोरगी म्हणाली, “ताई, पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये सायकलवर १४ देश फिरली, २९ हजार किलोमीटर! आणि आपण बसमध्ये बसूनसुद्धा घाबरायचं?” म्हटलं, “बाई गं, तिनं १५९ दिवस घेतले. तू घरून किती आणतेस?” सगळ्या हसल्या, मग गप्प झाल्या.

खरी अडचण वेगळीच निघाली. आमच्यातल्या मावशी, वय ६३, त्या म्हणाल्या, “तुझं सगळं खरं. पण माझं पुन्हा कुठं येणं होतंय? एकदाच जाणार, तर सगळंच दाखवा ना.” याला काय उत्तर देणार? ज्या बाईला आयुष्यात एकदाच परवानगी मिळते, तिला ‘अर्धंच बघ’ म्हणायला माझी जीभ रेटेना. तरी म्हटलं, कारण अकरा ठिकाणं खिडकीतून बघणं म्हणजेही अर्धंच की! मी मावशींना विचारलं, “अकरातलं एकच निवडायचं तर?” त्या क्षणात म्हणाल्या, “मुक्तिनाथ.”

मग मुक्तिनाथ मधोमध ठेवून आम्ही कागद नव्यानं मांडला. मुक्तिनाथ ३,७०० मीटरहून उंच आहे. आपल्या अकोल्याचं कळसूबाई, महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर, १,६४६ मीटर. म्हणजे दुपटीहून जास्त! पोखरा आठशे-नऊशे मीटरवर, तिथून एका दिवसात एवढं चढवून दर्शन घडवायचं म्हणजे बीपी-शुगरवाल्या बायकांशी खेळ. म्हणून पहिल्या दिवशी जोमसोमपर्यंत, जे २,७०० मीटरच्या आसपास आहे. तिथे झोपायचं. सकाळी वर जाऊन दर्शन, परत जोमसोमलाच मुक्काम, तिसऱ्या दिवशी पोखरा. मोठी बस पोखऱ्यालाच ठेवायची, पुढे तिथली जीप. अन्नपूर्णा भागाचा परवाना काढावा लागतो, त्याचे पैसे आधीच धरायचे. जायच्या आधी प्रत्येकीनं आपल्या डॉक्टरला दाखवायचं, हेही वहीत लिहून टाकलं.

भूतान कापलं. फार लांबचा वळसा, आणि २०२२ पासून भारतीयांना तिथे दर रात्री माणशी १,२०० रुपये शुल्क आहे, जे पत्रकात अगदी बारीक अक्षरात ‘वेगळे’ होतं. जनकपूर आणि अयोध्या कापली. अयोध्येसाठी तिघी हळहळल्या, पण ती आपल्या देशात आहे, कधीही जाता येईल. राहुरीहून थेट बसचा हट्टही सोडला. दारातून बस निघते, पोरंसोरं टाटा करतात, ते सुख मला कळतं. पण सपाटीचे साडेतेराशे किलोमीटर पाठ मोडून घेण्यापेक्षा मनमाडहून काशी एक्स्प्रेस बरी. आडवं होता येतं आणि संडास डब्यातच असतो! खरा रस्त्याचा प्रवास काशीपासून. एक दिवस गोरखपूर. एक दिवस फक्त सरहद्द आणि लुंबिनी, कारण तिथे गाडीचा भन्सार, म्हणजे जकातीचं काम, किती वेळ खाईल ते त्या दिवशीच कळतं. मग पोखरा, विसावा, जोमसोम, मुक्तिनाथ, परत पोखरा, एक दिवस राखीव, काठमांडू दोन रात्री, चितवनचा मुक्काम, गोरखपूर, गाडी. एकूण १७ दिवस.

राखीव दिवसावरून वाद झाला. “त्या दिवशी करायचं काय?” काहीच नाही! सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस पावसानं काठमांडूभोवतीचे रस्ते बंद पडले, सप्टेंबर २०२५ मध्ये आंदोलनामुळे तिथे संचारबंदी लागली आणि माणसं अडकली. घडलं नाही तर कपडे धुवा, तळ्याकाठी बसा. तारखा दिवाळीनंतरच्या घेतल्या. पावसाळा नको, आणि आपल्या नवरात्रात तिकडे दशैं असतो, सगळा नेपाळ गावी निघालेला असतो.

कागदपत्रांत मात्र आम्ही सगळ्याच अडकलो. नेपाळला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आधार चालतं ते १५ वर्षांच्या आतल्यांना आणि ६५ च्या वरच्यांना. म्हणजे मावशी दोन वर्षांनी हुकल्या! सतरा जणींची कार्डं गोळा केली तर चौघींच्या कार्डावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. एकीचं कार्ड अजून माहेरच्या गावचंच. लग्न होऊन तीस वर्षं झाली, पण कागदावर बाई अजून नांदायला आलेलीच नाही! हे सरहद्दीवर कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं. पैशाचं सोपं आहे, आपल्या १०० रुपयांचे तिकडे १६० होतात. नोटा मात्र शंभराच्या जास्त ठेवायच्या. २०१८ च्या डिसेंबरात नेपाळनं शंभराच्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती, म्हणून मोठ्या नोटांचा नियम निघण्याआधी बँकेत विचारून घ्यायचा.

आता उरले ते तीन दिवस, १४ च्या वरचे. ते ज्यानं-त्यानं, म्हणजे जिनं-तिनं, घरी मागायचे होते. मी स्वतःच्या घरी विषय काढला तर पहिला प्रश्न, “एवढे दिवस? आणि घराचं?” म्हटलं, रोज ११ तास बसमध्ये बसून मी १४ दिवसांत परत येईन, पण मग पुढचे आठ दिवस दवाखान्यात धरा. वहीच पुढे केली. आकडे बघून गप्प बसले. चौदाव्या दिवसानंतर शेजारणीकडून डबा येणार, असं ठरलं आहे. सगळ्यांना नाही जमलं. एकीच्या सुनेचे दिवस भरत आलेत. एकीला नवऱ्यानं सरळ नाही म्हटलं. तिनं ते सांगितलं तेव्हा कुणीच तिच्याकडे बघितलं नाही. १५ जणी उरल्या.

टूरवाल्यानं नवा कागद मान्य केला. माणशी खर्च थोडा वाढला, कारण आम्ही दोन ड्रायव्हर लिहून घेतले आणि रोज किती वाजता निघायचं, किती वाजता थांबायचं हेही. दर दोन तासांनी कुठे थांबणार ते पंपाच्या नावानिशी द्या म्हटल्यावर तो हसला, पण दिलं. इसार त्यानंतर दिला.

मावशींच्या कार्डाचा फॉर्म ८ परवा भरून झाला. त्या आता रोज संध्याकाळी ओट्यावर चढण्याचा सराव करतात, आणि मला विचारतात की जोमसोमला स्वेटर एक पुरेल का दोन.